दहापर्यंत मोजायचं

रविवार, रात्री उशिरा

आज सकाळी चुरमुऱ्यांचा डबा घेऊन बाळ्या समोर उभा. डबा माझ्या गुडघ्यावर आपटतोय, "अं, अं." सवयीने हात झाकणाकडे गेलाच होता. मग थांबले. खाली बसले, त्याच्या डोळ्यांत बघत मनात मोजायला लागले. बाळ्या अजून फारसं बोलत नाही, म्हणून त्याला बोलायला वेळ द्यायचा, दहापर्यंत मोजायचं, असं स्पीच थेरपिस्टताईंनी सांगितलंय. सातवर पोचते तोच मागून सासूबाई, "अगं उघड की, पोर कधीचं मागतंय!"

"उघड," मी म्हटलं आणि उघडला. त्याने नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मूठ आत घातली.

शब्द काढल्याशिवाय खाऊ नाही, असला अडवून धरण्याचा प्रकार करायचा नाही, हेही ताईंनीच बजावलंय. संधी द्यायची, नाही आलं तर शब्द आपण बोलायचा आणि वस्तू देऊन टाकायची. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या घरात तीन मोठी माणसं आणि एक पोर. त्याने फ्रिजकडे नुसतं पाहिलं तरी दूध हजर. बोलायची गरज पडायच्या आत आम्ही धावत होतो.

बाळ्याला दोन वर्षं दोन महिने झाले. दोन वर्षांच्या आसपास मुलांकडे साधारण ५० शब्द असतात आणि "बाबा ये" असे दोन शब्द जोडायला ती लागतात. बाळ्याचे शब्द मी कालनिर्णयच्या पानामागे लिहिले तेव्हा ११ भरले. त्यातही "भू" आणि "माऊ" धरून. ते धरायचे असतात, हे मला नंतर कळलं. कुत्रा दिसला की दर वेळी "भू" म्हणत असेल तर तो शब्दच. त्या दिवशी उगाच जरा बरं वाटलं.

सासूबाईंचं म्हणणं, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला. वेखंड उगाळून चाटवलं की जीभ सुटते, हेही ऐकून झालं. मी वाद घातला नाही, वेखंडही दिलं नाही. डॉक्टरांनी आधी कान तपासायला लावले. हाक मारली की वळतो, मग कान कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण थोडंसं कमी ऐकू येणारं मूलही हाकेला वळू शकतं, नेमके बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. बेरा नावाची तपासणी झोपलेल्या मुलावर करतात, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका, अशी सूचना. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये झोपेला आलेलं मूल जागं ठेवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी आणि नवरा रिक्षात टाळ्या वाजवत होतो. कान उत्तम निघाले.

मग आमची तपासणी सुरू झाली. ताई म्हणाल्या, दहा मिनिटं नेहमीसारखं खेळा. मी खेळले. "हा कोण? हे काय? रंग कुठला? म्हण, हत्ती म्हण." संपल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "ही तर तोंडी परीक्षा झाली." लागलं मला. पण खरंच होतं. आता प्रश्न कमी केलेत. तो जे बघतोय त्याबद्दल आपण बोलायचं. तो "पाणी" म्हणाला तर आपण "गार पाणी", म्हणजे त्याच्याहून एखादाच शब्द जास्त. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना तोंड चालू. शेजारच्या काकूंना वाटत असेल, ही एकटीच बडबडते.

मोबाईलचं सांगायला लाज वाटते. जेवण भरवताना गाणी लावायचे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, नंतरही दिवसाला तासाभराच्या वर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मला ते माहीतही होतं. पण समोर वरणभात आणि घट्ट मिटलेलं तोंड असलं की माहिती कुठे आठवते? आता पुन्हा काऊचा घास, चिऊचा घास. यात सासूबाई माझ्यापेक्षा कितीतरी पटाईत. "हा घास... काऊचा" म्हणताना त्या मध्ये जी जागा सोडतात ना, तेच ते थांबणं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"इंग्रजीतच बोला, दोन भाषांनी गोंधळतो," हा सल्ला एका प्लेग्रुपच्या बाईंकडून. ताईंनी तो झटकून टाकला. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, तुम्हाला जी भाषा मोकळी येते तीच भरभरून बोला, म्हणाल्या. माझं इंग्रजी ऑफिसच्या मेलपुरतं. त्यात मी मुलाचे लाड कसे करणार?

संध्याकाळी तलावपाळीवरून परतताना रिक्षावाल्या काकांनी आरशातून विचारलं, "काय बाळा, नाव काय तुझं?" उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. गिळलं आणि मोजायला लागले. काका आरशात बघतायत, मी गप्प, बाळ्या गप्प. त्यांना वाटलं असेल, माय-लेक दोघंही घुमे. सिग्नल सुटला. तेवढ्यात शेजारून टीएमटीची बस निघाली आणि बाळ्याने बोट लांब केलं.

"बश!"

"मोठी बस," मी म्हटलं.

"बरं," काका म्हणाले, "नाव बस."