रुमालाखालचा सौदा

आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला पौषात सिद्धनाथाची यात्रा भरते आणि त्या निमित्ताने खिलार जनावरांचा मोठा बाजार लागतो. जनावरांच्या बाजारात जुनी माणसे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली एकत्र येतो, बोटे दाबली जातात, सोडली जातात, पुन्हा धरली जातात, आणि भोवती माणसे डोळे लावून उभी असतानाही बैल कितीला गेला हे त्या दोघांवाचून आणि मधल्या दलालावाचून कोणाला कळत नाही. या पद्धतीत दलालाचे फावते, शेतकऱ्याची कधी फसवणूकही होते, आणि म्हणून बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव आले ते योग्यच झाले. तरीही त्या रुमालाचे मला कौतुक वाटते. बैल विकणाऱ्याच्या भावकीतले कोणी जवळच उभे असते, ज्याची उसनवारी फेडायची राहिली आहे असा एखादा घुटमळत असतो, आणि आपल्या खिशात आज किती आले हे कोणाला सांगायचे, कोणाला नाही, ते ठरवणे तो रुमाल त्या शेतकऱ्याकडे राहू देतो.

सांगलीत मात्र आता मोबाइलवरून पैसे भरले की दुकानातली बोलकी पेटी सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा सांगते. भडंगाच्या दुकानात, मेडिकलमध्ये, चहाच्या टपरीवर, जिथे जावे तिथे ‘एकशे वीस रुपये प्राप्त झाले’ असा खणखणीत पुकारा होतो. या पेटीमागचे कारण मला मान्य आहे. खोटा किंवा जुना स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारी गिऱ्हाइके दुकानदारांना भेटू लागली होती, आणि कढईवर दोन्ही हात गुंतलेल्या माणसाने प्रत्येक वेळी मोबाइल काढून खात्री करावी, ही अपेक्षाही चुकीची होती. पण त्या पुकाऱ्यामुळे रांगेतल्या पुढच्याने किती खर्च केला हे मागच्याला आपोआप कळते. आमच्या शेजारच्या काकांना मधुमेह आहे आणि पेढ्यांच्या दुकानात त्यांचे कधीमधी जाणे आहे. त्यांच्या दृष्टीने त्या पेटीएवढा चहाडखोर प्राणी सांगलीत दुसरा नाही.

नोटांच्या आठवणीने गहिवरून मी हे लिहीत नाही. सुट्ट्यांऐवजी हातावर टेकवलेली चॉकलेटे मी खाल्लेली आहेत, फाटकी नोट घडीच्या आत दडवून खपवणारे कंडक्टरही पाहिले आहेत. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले तेव्हा आमच्या गल्लीत ते नावही कोणी ऐकले नव्हते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, चलनातल्या रकमेपैकी सुमारे ८६ टक्के हिस्सा बाद ठरला, आणि एटीएमसमोरच्या रांगेत उभे राहून दमलेल्या माणसांनी मग मोबाइलकडे पाहिले. जानेवारी २०२० पासून असे पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदारावर शुल्क राहिले नाही, त्यामुळे दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्या बाईनेही टोपलीला क्यूआर कोडच्या चौकटीचा कागद टांगला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या एका महिन्यात २,००० कोटींच्या वर गेली. वीजबिल, रेल्वेचे तिकीट, पुण्यात शिकणाऱ्या मुलाची मेस, हे सगळे मी घरबसल्या भरते आणि पुन्हा बिलाच्या खिडकीशी जाऊन उभी राहण्याची मला मुळीच हौस नाही.

मला खटकते ते निराळेच. एकदा काही कारणाने मी माझ्याच खात्याचा तीन महिन्यांचा उतारा सलग वाचला आणि एखाद्या परक्याने लिहिलेली माझी रोजनिशी वाचावी तसे झाले. गुरुवारी सकाळी देवळात अकरा रुपये, त्यानंतर रिक्षा, त्यानंतर तपासणीच्या लॅबमध्ये मोठी रक्कम, दोन दिवसांनी विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात त्याहून मोठी, संध्याकाळी मेडिकल. रिपोर्ट चांगला आला, काळजीचे काही निघाले नाही. पण माझ्या सख्ख्या बहिणीला मी जे सांगितले नव्हते ते त्या उताऱ्यात तारीखवार मांडलेले होते. एकेकटी नोंद निरुपद्रवी असते, आणि त्या एकाखाली एक लागल्या की माणूस आरपार दिसू लागतो. हा उतारा माझ्या बँकेकडे आहे, त्यातला आपापला भाग घेणाऱ्याच्या बँकेकडे, मधल्या यंत्रणेकडे आणि ज्या ॲपवरून मी पैसे पाठवले त्या कंपनीकडेही आहे. काळा पैसा पांढरा करणे रोखण्यासाठीच्या कायद्यानुसार बँकांना व्यवहारांच्या नोंदी निदान पाच वर्षे जपाव्याच लागतात. मी स्वतः त्यातले निम्मे केव्हाच विसरलेली असते.

पूर्वी सगळे गुप्त होते असेही नाही. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत घरोघरचे तेल, साखर आणि अडचण, तिन्ही लिहिलेले असे, आणि लग्नात आहेराची वही घेऊन बसलेला मामा तर कोणी किती दिले हे मोठ्याने विचारूनच लिहीत असे. पण किराणाची वही किराणापुरती आणि आहेराची आहेरापुरती राही. दुकानदाराला डॉक्टरची फी ठाऊक नसे आणि डॉक्टरला भिशीचा हप्ता. शिवाय दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पूजेला लागे, जुनी माळ्यावर जाई आणि उंदीर आपले काम करीत. आता या सगळ्या वह्या एकाच मोबाइल नंबरच्या दोऱ्यात ओवल्या गेल्या आहेत.

‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ असे आमच्या घरात विचारले जाते, आणि विचारणारे माझे यजमान स्वतःचा मोबाइल मात्र पालथा ठेवतात. रोखीआड कर चुकवला जातो हे खरे आहे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला २०१७ पासून बंदी आहे, ती मला योग्य वाटते, कारण दोन लाख ही भाजीच्या पिशवीतली रक्कम नव्हे. पण म्हैसाळ ओलांडून कागवाड आले की कर्नाटक सुरू होते, आणि तिकडे २०२५ च्या जुलैमध्ये जे झाले त्याची चर्चा मिरजेच्या बाजारातही पुष्कळ दिवस चालली होती. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या नोंदी तपासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. ताजी भाजी करमुक्त असताना भाजीवाल्यांनाही त्या मिळाल्या. मालाच्या विक्रीवरची नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे आणि ती ओलांडणाऱ्याने नोंदणी करावी यात वाद नाही. पण खात्यावर आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्रीच, असे यंत्राला वाटते. मेहुण्याने परत केलेली उसनवारी आणि टोमॅटोचे पैसे त्याला सारखेच दिसतात. मग बंगळुरूच्या दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ज्या माणसांना नऊ वर्षे मोबाइल वापरायला शिकवले, ती अशी एका पावसाळ्यात मागे फिरली.

सरकारपेक्षाही रोजच्या जगण्यात मला जवळच्या माणसांची आणि अनोळखी माणसांची नजर अधिक बोचते. वडापच्या जीपने किंवा रिक्षाने जाणारी कॉलेजची मुलगी चाळीस रुपये पाठवते तेव्हा समोरच्याला तिचे पूर्ण नाव दिसते आणि यूपीआयचा पत्ता मोबाइल नंबरचाच असेल तर नंबरही. नाव दिसण्याची सोय चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून आहे हे मला समजते, परंतु ‘नीट पोहोचलात का?’ असा संदेश रात्री आला की ती सोय कोणाची झाली, हा प्रश्न त्या मुलीच्या आईला पडतोच. नंबर नसलेला वेगळा पत्ता करून घेता येतो. आमच्या गल्लीतल्या मुलींना मी तो करून दिला आहे. किरकोळ रकमांसाठी यूपीआय लाइट हे ॲपमधले छोटे पाकीट वापरले तर चहा-रिक्षाची प्रत्येक नोंद पासबुकात उमटत नाही, पाकिटात भरलेली एकूण रक्कम तेवढी दिसते. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून डिजिटल रुपयाचा किरकोळ वापर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला, त्यामागेही लहान रकमांना रोखीसारखी थोडी अनामिकता असावी असा एक विचार आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण तो रिक्षावाल्याच्या मोबाइलमध्ये राहून गेलेल्या नंबरापर्यंत पोहोचेल अशी आशा मी धरलेली नाही.

रोख जवळ ठेवण्याचे एक कारण मात्र सांगलीकराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, गावभाग, खणभाग पाण्यात गेले, वीज गेली, मोबाइल मेले आणि एटीएमच्या खोल्यांत पाणी शिरले. खात्यात लाख असलेल्या माणसाला दुधाच्या पिशवीसाठी शेजाऱ्याकडे हात पसरावा लागला. शासनानेही तेव्हा पूरग्रस्तांच्या मदतीतले ५,००० रुपये रोख दिले आणि उरलेले खात्यावर जमा केले. पाणी ओसरल्यावर आमच्या वाड्याच्या सोप्यात सतरंजीवर नोटा वाळत घातल्या होत्या, आणि कोणाच्या किती आहेत हे तेव्हा सगळ्यांनाच दिसत होते, ते अलाहिदा.

बायकांच्या पैशाला या शहरात पूर्वी एक निश्चित जागा असे. आमच्या सासूबाईंची ती तांदळाच्या डब्यात होती. घरखर्चातून वाचवलेले, भावाने भाऊबिजेला घातलेले, भिशीतून उचललेले असे ते पैसे. त्यांवर कोणाचा डोळा नव्हता आणि कोणाला हिशेब द्यायचा नव्हता. त्यातून त्यांनी एका भाचीच्या परीक्षेची फी भरली, एका विधवा शेजारणीला शिलाईमशीन घेऊन दिले, आणि या दोन्ही गोष्टी आम्हांला त्यांच्या तेराव्याला परक्यांकडून समजल्या. नोटाबंदीने अशा डब्यांची पहिली जाहीर मोजणी केली. हजाराच्या नोटा बदलायच्या तर नवऱ्याला किंवा मुलाला सांगणे भागच होते, आणि आमच्या गल्लीत त्या आठवड्यात काही घरांत कौतुक झाले, काही घरांत भांडणे झाली. सासूबाईंनी डबा मुकाट्याने मुलापुढे ठेवला. त्यानंतर त्यांनी डबा भरला नाही. बँकेत खाते मात्र उघडले, ज्याचे संदेश मुलाच्याच मोबाइलवर येत.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचेही खाते आहे आणि त्याचे संदेशही त्यांच्या नवऱ्याच्याच मोबाइलवर वाजतात. पैसे जमा झाल्याचे त्याला त्यांच्याआधी कळते आणि संध्याकाळपर्यंत ते कुठे गेले हे त्यांना कळत नाही. म्हणून त्यांनी मला पगाराची दोन भागांत वाटणी सांगितली आहे: निम्मा खात्यावर, म्हणजे घरात शांतता राहते, आणि निम्मा हातात. हातातल्या भागातून मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी भिशी चालली आहे. सगळे व्यवहार खात्यावरून झाले तर बायका सक्षम होतील असे एका व्याख्यानात ऐकून आले होते, ते मी त्यांना उत्साहाने सांगितले, तेव्हा लादी पुसता पुसता त्या म्हणाल्या, “व्हतील की वहिनी, पर मोबाइल कुनाच्या खिशात हाय त्ये आधी बघा.” पुढच्या महिन्यापासून त्यांना पाचशे रुपये वाढवून द्यायचे ठरले आहे. ती वाढ कोणत्या भागात घालायची हे मी विचारले नाही. एटीएममधून शंभराच्या नोटा मिळतील का, एवढी तेवढी चौकशी करून ठेवली आहे.