केविनबाबाची वाट

ग्लेंडलॉकची यात्रा सात वेळा केली की रोमच्या एका यात्रेचं पुण्य लागतं, असं आयर्लंडमध्ये जुनी माणसं सांगत आली आहेत. आईला हे सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "असतंच की तसं," म्हणाली, "ज्याला काशीला जायला जमत नाही, त्याच्यासाठी काहीतरी सोय ठेवावीच लागते." आणि पुढचा प्रश्न: वाटेत चहा कुठे मिळतो?

आई फलटणची. माउलींची पालखी दारावरून जाते तिथली. लहानपणी वारकऱ्यांना भाकरी-पिठलं वाढणारी, आणि आम्ही भावंडं मार्गी लागल्यावर स्वतः दिंडीत चालणारी. यंदा नातवाला सांभाळायला डब्लिनला आली आणि विमानाच्या तारखा अशा पडल्या की आषाढी इथेच निघणार होती. मे सरत आला तशी तिची घालमेल सुरू झाली. फोनवर मैत्रिणींना विचारायची, ताडपत्री नवी घेतली का, यंदा ट्रक कोणाचा ठरलाय. शेवटी मीच म्हटलं, आई, इथेही एक वाट आहे, चालतेस का? आषाढीची सर नाही, पण तीन जूनला तिथल्या संताचा दिवस असतो, तर त्या सुमारास जाऊ.

या वाटेला सेंट केविन्स वे म्हणतात. विकलो परगण्यातल्या हॉलिवूड नावाच्या खेड्यातून निघते, डोंगर ओलांडते आणि साधारण ३० किलोमीटरवर ग्लेंडलॉकच्या दोन तळ्यांपाशी उतरते. सहाव्या शतकात केविन नावाचा साधू एकांत शोधत याच बाजूने डोंगरापलीकडे गेला अशी श्रद्धा आहे. त्याच्यामागे शिष्य गेले, मठ उभा राहिला, मठाचं गाव झालं आणि शेकडो वर्षं यात्रेकरू येत राहिले. केविन १२० वर्षं जगला म्हणतात. आईला हे ताबडतोब पटलं. डोंगरातली हवा, म्हणाली. आणि त्या क्षणापासून तो तिचा केविनबाबा झाला.

हॉलिवूडमध्ये टेकडीवर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लावलंय, अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध पाटीची सही सही नक्कल. लोक तिथे फोटो काढतात. आम्ही केविनच्या पुतळ्याला हात जोडले आणि निघालो. एका दमात ३० किलोमीटर आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, म्हणून मुक्काम करत जायचं आणि नवऱ्याने गाडी घेऊन पुढे थांबायचं असं ठरलं होतं. पाठीवर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, अंगावर माझा रेनकोट.

सुरुवातीचा रस्ता तसा साधाच आहे: अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना काटेरी हॉथॉर्नचं पांढऱ्या फुलांनी लगडलेलं कुंपण, त्यामागे मेंढ्या. मालकाची खूण म्हणून मेंढ्यांच्या पाठीवर निळा नाहीतर लाल रंग फासलेला. मध्येच गाडी आली की कुंपणाला चिकटून उभं राहायचं. डोंगर-तळ्यांचे फोटो बघून आलेल्या माणसाचा इथे विरस होतो. आईचा झाला नाही. पालखीचा रस्ता तरी कुठे रानावनातून जातो, तोही डांबरीच की.

पुढे वाट जंगलात शिरते. हे जंगल म्हणजे सिट्का स्प्रूसची लागवड, लाकडासाठी ओळीने लावलेली परदेशी झाडं. आत इतका अंधार की खाली गवतही उगवत नाही. मला ही जंगलं कधीच आवडली नाहीत. त्यांना जंगल म्हणणंसुद्धा जिवावर येतं. एकदा त्यातून बाहेर पडलं की मात्र डोळे निवतात. गुडघाभर वाढलेला नेचा, गोर्स नावाच्या काटेरी झुडपाची उरलीसुरली पिवळी फुलं, ओलसर जागी वाऱ्यावर हलणारे बॉग कॉटनचे पांढरे गोंडे, आणि वर कुठेतरी न दिसणारा चंडोल. किंग्ज रिव्हर नावाची नदी बाजूने वाहते. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळ-गवताच्या जमिनीतून झिरपून येत असल्यामुळे तिचं पाणी तपकिरी दिसतं. घाण नाही ते, रंगच तसा.

वळणावळणावर खांब रोवलेत आणि त्यावर हातात काठी घेतलेला पिवळा यात्रेकरू. आईने त्याला चोपदार करून टाकलं. "चोपदार दिसला का गं?" असं विचारत ती चालायची. कुंपणं ओलांडायला लाकडी पायऱ्या केलेल्या असतात, तिथे मात्र तिची फार कसरत व्हायची. वरच्या पायरीवर उभी राहून एकदा म्हणाली, "रिंगणातल्या घोड्याला जमेल, मला नाही," आणि उतरली.

मला वाटलं होतं, इतक्या शांततेत तिला बरं वाटेल. पण तिला ती शांतता बोचत होती. टाळ नाही, वीणा नाही, मागून ढकलणारं कोणी नाही. थोड्या वेळाने तिने एकटीनेच हरिपाठ सुरू केला आणि मलाही धरायला लावला. माझा मध्येच तुटायचा, ती न थांबता पुढे ओढून न्यायची. समोरून कुत्र्याला घेऊन एक जोडपं आलं, पळणारी दोन पोरं आली. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे "ग्रँड डे" वगैरे म्हणाले. आई प्रत्येकाला "राम कृष्ण हरी" म्हणत गेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबून विचारलं की याचा अर्थ काय. मी माझ्या इंग्रजीत जमेल तसा सांगितला. त्यांनी टोपी काढली, आईने नमस्कार केला, आणि दोघंही आपापल्या दिशेने गेले.

विकलो गॅप ही खिंड ४७८ मीटरवर आहे. सह्याद्रीच्या हिशेबात हे काहीच नाही, पण इथल्या वाऱ्यापुढे उंचीचे आकडे फुकट जातात. जूनमध्ये आमच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. डावीकडे टोनलगी, ८१७ मीटर. उजवीकडे टरलो हिल, माथा कापून सपाट केल्यासारखा. तो खरंच माणसाने केलाय. वर बांधलेला तलाव आहे आणि खाली लॉख नहानगन हे तळं. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं, अशी योजना १९७४ पासून चालू आहे. वीजघर डोंगराच्या पोटात असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

खिंडीच्या आसपास जुन्या यात्रेच्या रस्त्याची दगडी फरसबंदी काही ठिकाणी अजून शाबूत आहे. गवतातून मधूनच वर येते, परत बुडते. आई तिथे थांबली. वाकून दगडाला हात लावून कपाळाला लावला. दिवे घाट ती कितीदा चढली असेल, पण तिथे आपण रस्त्यावर चालतोय हे कळतसुद्धा नाही. पुढच्या बाईच्या टाचा आणि डोक्यावरची तुळस एवढंच दिसतं. इथे माणूसच नाही, म्हणून रस्ता दिसतो. तिच्या मनात काय आलं ते तिने लगेच बोलून दाखवलं: "एवढं कष्टाने बांधलं आणि यायचे का थांबले गं?"

त्याचं उत्तर द्यायला मला ग्लेंडलॉकपर्यंत वेळ मिळाला. पलीकडची उतरण ग्लेंडासनच्या दरीतून जाते. तिथे शिशाच्या जुन्या खाणी आहेत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या. पडक्या भिंती, राखाडी खडीचे ढीग, त्यावर अजून धड काही उगवत नाही. आम्ही तिथे बसून धपाटे संपवले.

मठाच्या आवारात शिरताना दुहेरी कमानीचं दगडी दार लागतं. आतल्या बाजूला भिंतीतल्या मोठ्या दगडावर क्रूस कोरलाय. इथून पुढे आलेल्या शरणार्थ्याला अभय, अशी त्याची खूण. मग गोल मनोरा, सुमारे ३० मीटर उंच आणि दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर. आई म्हणाली, "केवढी ही दीपमाळ!" ती घंटेची आहे, दिव्यांची नाही, एवढंच मी सांगितलं. वरचं टोपीसारखं छप्पर कोसळलं होतं, ते १८७६ मध्ये मूळचेच दगड वापरून परत चढवलं. १३९८ मध्ये इंग्रज फौजांनी इथे विध्वंस केला, तरी यात्रा थांबली नाही. केविनच्या दिवशी इथे जत्रा भरायची. जोसेफ पीकॉक नावाच्या चित्रकाराने १८१३ मध्ये ती रंगवून ठेवलीय, ते चित्र मी आईला मोबाइलवर दाखवलं: पडक्या देवळांमध्ये तंबू, दुकानं, खच्चून गर्दी. आईने चित्र मोठं करून करून पाहिलं. हे बरोबर आहे, म्हणाली. जत्रेत दारू आणि हाणामाऱ्या फार वाढल्या म्हणून १८६२ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप कलन यांनी ती बंद करवली. आईला हा उपाय अजिबात रुचला नाही. दारू बंद करायची, जत्रा कशाला? माझंही मत तिच्याच बाजूला झुकतं. आता इथे गाड्या भरभरून पर्यटक येतात, मोबाइल उंचावतात, जातात. चालत येणारे थोडे, आणि त्यातलेही बहुतेक डोंगर चढायच्या हौसेने. त्यात वाईट काही नाही. पण वाट जपून ठेवता येते, खांब रोवता येतात. दरवर्षी ठरलेल्या तिथीला घर सोडून निघणारी माणसं एकदा उठून गेली की पाट्या लावून परत येत नाहीत.

वरच्या तळ्याकडे जाणारी वाट ओकच्या रानातून जाते, आणि हे रान खरं. तळ्याच्या काठाने जुन्या खाणकामगारांचा रस्ता आहे, स्कॉट्स पाइनच्या सावलीतला. त्या बाजूने पाहिलं की समोरच्या कड्यात पाण्याच्या वर एक लहान कपार दिसते: केविनची शेज. तो तिथे निजायचा म्हणतात. बाराव्या शतकात इथला मठाधिपती लॉरेन्स ओटूल, जो पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला, तोही उपवासाच्या दिवसांत त्या कपारीत जाऊन राही.

तिथेच मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक कॅथलीनची: ती केविनवर भाळून मागे लागली, तेव्हा त्याने तिला तळ्यात ढकललं. आईने चपराक दिल्यासारखा हात उडवला. "असला कसला संत! आपले तुकोबा बायकापोरांत राहिले, भांडणं ऐकली, आणि अभंगही लिहिले. जनाबाई, मुक्ताबाईंना कोणी ढकललं नाही." दुसरी काळ्या पक्ष्याची: केविन हात पसरून प्रार्थना करत होता, ब्लॅकबर्डने त्याच्या तळहातावर घरटं बांधून अंडी घातली, आणि पिल्लं उडेपर्यंत त्याने हात हलवला नाही. आई गप्प झाली. मग म्हणाली, हे मात्र नाथांसारखं. तहानेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजली त्यांनी, तसंच. पहिली गोष्ट नंतर कोणीतरी घुसडली असणार, असा तिने निवाडा दिला आणि केविनबाबाला माफ करून टाकलं.

तळ्याकाठी मिजेस नावाची चिलटं चावायला लागली, तेव्हा आम्ही गाड्यांच्या तळाकडे पळालो. तिथल्या गाडीवर आईने चिप्स खाल्ले आणि दिंडीतल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तळं दाखवलं, मनोरा दाखवला. चालायला बरं आहे गं, पण चहावाला नाही, भजन नाही, पायाला तेल लावणारं कोणी नाही. एकादशीलासुद्धा येता येईल, बटाटा मिळतो, पण तळायचं तेल कसलं असतं देव जाणे. पलीकडून हसण्याचा आवाज. मग आईचा सूर एकदम बदलला. "भिशी मी आल्यावर भरते, पण यादीतून नाव काढू नका हं. विणेकऱ्यांना सांगून ठेव." मैत्रीण हो म्हणाली तरी तिने ते आणखी एकदा वदवून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि जावयांनी गाडी कुठे लावलीय ते बघायला पुढे निघाली.