‘तेव्हा तू नेमकी कुठं होतीस?’ : गोवा मुक्तीच्या आठवणी नोंदवताना

गोव्यात कुणाही म्हाताऱ्या माणसाला 1961 बद्दल विचारा, आधी भाषण ऐकायला मिळतं. साडेचारशे वर्षांची गुलामगिरी, 18 जून 1946 ची लोहियांची मडगावची सभा, मग भारतीय सैन्याची कारवाई, ‘ऑपरेशन विजय’. सगळं खरं, पण दर 19 डिसेंबरला व्यासपीठावरून ऐकून पाठ झालेलं. मला हवं होतं ते ज्याने त्याने स्वतः पाहिलेलं. आमच्या डिचोलीतच असे बरेच जण आहेत, म्हणून आधी नात्यागोत्यातल्यांना गाठलं.

‘मुक्तीच्या दिवशी काय झालं?’ असं विचारणं लवकरच सोडून दिलं. त्याऐवजी ‘आत्ये, तेव्हा तू नेमकी कुठं होतीस? गोठ्यात गुरं होती? दार कुणी लावलं?’ असं विचारलं की माणूस व्यासपीठावरून उतरून घरात येतो. मोबाइल रेकॉर्डरवर ठेवून समोर पालथा टाकायचा, मध्ये बोलायचं नाही आणि तारीख तर मुळीच सुचवायची नाही. आपण ‘अठरा तारीख ना?’ म्हटलं की समोरून ‘हो हो, अठराच’ येणारच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दोघी बहिणींनी. 17 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोर्तुगिजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडवला. धाकटी म्हणते, आवाज झाला तेव्हा अंगणात चांगलं चांदणं होतं, तुळशीची सावली दिसत होती. थोरली म्हणते, छे गं, डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आईच्या लुगड्याला धरून आम्ही कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, उतरलो. दोघी माझ्यासमोरच हमरीतुमरीवर आल्या. मी त्या वर्षाचं पंचांग मिळवलं. मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष, दशमी-एकादशीचा सुमार. म्हणजे मध्यरात्रीनंतरही काही वेळ चंद्र होता आणि पहाटेआधी मावळला. धाकटी सांगते तो स्फोट, थोरली सांगते ते त्यानंतरचं पळणं. दोघी खऱ्या. (थोरलीला अजून पटलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत झाशीत होते, पण आठवणी कागदावर उतरवल्या पंचवीसेक वर्षांनी. आमच्या माणसांना तर साठ वर्षं उलटून गेलीत. म्हणून माझा एक नियम झाला: सैन्य कुठून आलं, सह्या कधी झाल्या हे त्यांच्या तोंडून घ्यायचं नाही. भारतीय फौज 18 च्या संध्याकाळी बेतीला पोहोचली, मांडवी ओलांडून 19 ला सकाळी पणजीत शिरली आणि त्याच रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाने शरणागती पत्करली. हे छापील नोंदींत आहे. बेतीच्या एका काकांनी मात्र सांगितलं की जवानांनी आधी पाणी मागितलं आणि त्यांच्या आईने घागर देताना दोरी सोडून घेतली, कारण विहिरीवर ती एकच होती. हे कुठल्या अहवालात मिळणार?

एका आजोंनी पोर्तुगीज पोलिसांना खबरा पुरवणाऱ्या गावच्याच माणसाचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाले, ‘हें बंद कर.’ मी बंद केलं. त्या माणसाची नातवंडं शेजारीच राहतात. काही मित्रांच्या मते मी इतिहास गाळला. मला तसं वाटत नाही. ज्याची आठवण, त्याचा तिच्यावर पहिला हक्क.

बोलणं कोंकणी-मराठी मिसळून होतं, ते मी जसंच्या तसं उतरवतो, व्याकरण सुधारत नाही. एका तासाचं बोलणं उतरवायला अख्खी दुपार जाते. मग कागद घरच्यांना वाचून दाखवतो. त्यावेळीच सुना-मुलगे म्हणतात, ‘हे तर आम्हाला कधी सांगितलंच नाही!’ आणि म्हातारी उत्तर देते, ‘तुम्ही विचारलंत कधी?’ तेही मी उतरवून ठेवतो.