डावा कॅलिपर, उजवा कॅलिपर

आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. साखरप्यात चहाला थांबलो, तर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता आणि रिमजवळ हात नेववत नव्हता. बाबा एसटीत चालक होते. ते म्हणाले, "ब्रेक जाम झालाय. गार होऊ दे, मग सावकाश घे."

रत्नागिरीत आमचं घर समुद्राजवळ. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. चाक काढल्यावर दिसलं, कॅलिपरमधल्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टनवरचं रबर फाटून आत पाणी गेलं होतं आणि पिस्टनला गंजाने खड्डे पडले होते. नुसतं सील किट टाकून भागणार नव्हतं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर कमीत कमी जाडी १५ मिमी कोरलेली, व्हर्निअरने १४.६ भरली. ब्रेकचं काम एकाच बाजूला करत नाहीत, म्हणून दोन्हीकडच्या डिस्क, पॅड आणि कॅलिपर आणले.

रविवारी सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालायला बाबांनी कधीच दिलं नाही.

डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, इतकी चिकटलेली, की हातोडीने हलेना. मग तिच्यावरची आट्यांची दोन भोकं आठवली. त्यांत ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळत गेलो आणि डिस्क फाटकन सुटली. हबची डिस्क टेकते ती बाजू तारेच्या ब्रशने घासायला बराच वेळ दिला. तिथे गंजाची खपली राहिली तर डिस्क किंचित वाकडी बसते आणि पुढे ब्रेक लावला की पेडल थरथरतं. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसला. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं.

दुपारी ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला बसलो. बाबा पेडलवर, मी कॅलिपरवरच्या निपलपाशी, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूपाशी.

"बाबा, दाबा. धरून ठेवा."

"धरलंय."

निपल उघडा, बंद करा, सोडा. टाकीत ब्रेक ऑइल भरत राहायचं, ती रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते. दीड तास झाला. नळीतून बुडबुडे येणं थांबलं, पण पेडल स्पंजासारखंच. बाबा म्हणाले, "असली गाडी मी डेपोबाहेर काढली नसती."

मी परत चाकाखाली डोकं घातलं आणि तेव्हा दिसलं: निपल खाली होता. पलीकडेही तेच. सकाळी दोन्ही कॅलिपर एकदमच खोक्यांतून काढून फरशीवर ठेवले होते, तिथेच डावा-उजवा बदलला. बोल्ट बसले, ऑइलची रबरी नळी, म्हणजे होजही बसला. तो जरासा पिळल्यासारखा वाटला होता, पण मी पुढे गेलो. हवा वरच राहते. निपल खाली असेल तर ऑइल निघत राहतं आणि हवा आत तशीच. डावा-उजवा ओळखायला खोक्यावरचं लेबल पाहू नका, बसवल्यावर निपल सगळ्यात वर आहे का तेवढं पाहा.

होज परत सोडायचा म्हणजे तांब्याचे वॉशर नवे हवेत. एकदा दाबले गेलेले परत वापरले तर गळती होऊ शकते. चार हवे होते आणि रविवारी दुकान बंद. गाडी रात्रभर घोड्यांवर राहिली, मला झोप धड लागली नाही.

सोमवारी कॅलिपर अदलाबदल केले. वीस मिनिटांत पेडल टणक झालं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, ते रंग खातं. गाडी हलवायच्या आधी पेडल बऱ्याच वेळा मारून घेतलं. नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पहिला ब्रेक रिकामाच जातो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा केलं आणि मग ब्रेक न लावता गाडी चालवत गार केली.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून येताना पुन्हा साखरप्यात थांबलो. बाबा न सांगता खाली उतरले, डाव्या चाकाजवळ हात धरला, वळसा घालून उजव्याजवळ धरला. मग चहा सांगितला.