राई ऐकावी ती उलट्या क्रमाने

अल्जीरियातल्या राई संगीताशी बहुतेकांची ओळख त्याच्या सगळ्यात गुळगुळीत टोकाकडून होते, आणि माझ्या मते ते बरंच आहे. 1992 साली खालेद या राई गायकाचं 'दीदी' हे गाणं आलं आणि बघता बघता आपल्याकडच्या वरातींपर्यंत पोचलं. त्या चालीवर हिंदी सिनेमावाल्यांनी लगोलग हात मारला. शब्द कुणाला कळत नव्हते. कुणाच्या तरी थोरल्या बहिणीचं कौतुक चाललंय, असा समज करून घेऊन मंडळी नाचत होती आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

खालेद मूळचा अल्जीरियातल्या ओरान शहरातला. जन्म 29 फेब्रुवारी 1960, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. त्याच्या पिढीचे गायक नावाआधी 'शेब' लावत, गाणाऱ्या मुली 'शेबा'. जुन्या पिढीच्या भारदस्त शेख-शेखांपेक्षा आपण वेगळे, तरणेताठे, हे सांगायची ती पद्धत. 'दीदी'च्या सुमारास खालेदने ते 'शेब' काढून टाकलं. आवाज मात्र तोच राहिला. घोगरा, वर चढताना किंचित चिरकणारा, आणि गाताना हसू दाबल्यासारखा.

नव्या माणसाला धरून ठेवतो तो हा आवाजच, असं मला वाटतं. दर्बुका हा हाताने वाजवायचा ढोल आणि सिंथेसायझर आपले पाय हलवत राहतात, आणि त्यांच्यावर गाणारा मात्र रडगाणं गात असतो. रडगाण्याला नाचायचा ठेका द्यायचा आणि त्याबद्दल जराही ओशाळायचं नाही, ही राईची खरी खोड.

याचा पुरावा हवा असेल तर 'अब्देल कादर' ऐका. तेही 26 सप्टेंबर 1998 ला पॅरिसच्या बेर्सी सभागृहात झालेलं. खालेद, रशीद ताहा आणि फोदेल असे तिघे एकत्र गातायत, मागे व्हायोलिनांचा ताफा. गाण्यात हाक मारलीय ती बगदादच्या थोर सूफी संताला, अब्दुल कादिर जिलानींना. जीव मेटाकुटीला आलाय, आता तुम्हीच बघा, असा सगळा सूर. आणि समोरचा जमाव? बेभान नाचतोय. त्याच जुलैत फ्रान्सने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता, आणि अंतिम सामन्यात दोन गोल मारणारा झिदान अल्जीरियातून आलेल्या आईबापांचा मुलगा. त्या रात्रीच्या जल्लोषात त्याचाही वाटा असणार. हे गाणं लावलं की घरात येणारा-जाणारा विचारतो, "भक्तिगीत आहे का?" हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत.

इंग्लिश गायक स्टिंगबरोबरच्या 'डेझर्ट रोझ'मुळे शेब मामी हा राई गायकही जगभर पोचला. गाणं चांगलंच आहे. पण माझं मत विचाराल तर त्याचा जीव मामीच्या हरकतींत आहे, आणि मामी तिथे पाहुणा. ऐकून झाल्यावर पाहुण्याच्या घरी जावं, एवढाच त्याचा उपयोग.

त्या घरी मग भेटतो शेब हस्नी. इथे फ्रेंच निर्मात्याची झिलई नाही. स्वस्तातला कीबोर्ड, ड्रम मशीन, आणि झटपट ध्वनिमुद्रण करून बाजारात सोडलेल्या कॅसेटी. विषय प्रेमभंगाचा, आणि पाठोपाठ परदेशी गेलेल्या माणसांचा. आवाज इतका मऊ की याच्यापासून कुणाला काय धोका असेल असं वाटावं. 29 सप्टेंबर 1994 ला ओरानमध्ये त्याच्या घराजवळच त्याला गोळ्या घातल्या. वय 26. अल्जीरियातल्या यादवी युद्धाचा काळ होता. पुढच्या वर्षी रशीद बाबा-अहमद हा राईचा मोठा निर्माताही मारला गेला. खालेद तोवर फ्रान्सला निघून गेला होता.

आणखी मागे गेलं की बंदरातले बार आणि लग्नं लागतात. ओरानवर स्पॅनिशांनी राज्य केलं, मग फ्रेंचांनी; अरब, ज्यू, स्पॅनिश वस्त्या शेजारी-शेजारी. जो आला त्याने काहीतरी वाजवलं, आणि राईने ॲकॉर्डियन, ट्रम्पेट काहीही वर्ज्य मानलं नाही. लग्नात गायकाशेजारी एक 'बर्राह' उभा असतो. पाहुणा पैसे देतो, बर्राह त्याचं नाव आणि कुणासाठी काय फर्माईश ते ओरडून सांगतो, दुसरा पाहुणा चढाओढीने त्याहून जास्त पैसे काढतो. आपल्या तमाशातली दौलतजादा डोळ्यांसमोर येते. मग कळतं की राईची गोष्टही लावणीच्याच वळणाची आहे: बाईने उघडपणे आपल्या देहाची, हौसेची गोष्ट गायची, सभ्य लोकांनी नाक मुरडायचं, आणि रात्री त्यांनीच ऐकायला यायचं.

ही बाई म्हणजे शेखा रिमित्ती. 1923 चा जन्म, पोरकेपण, फिरत्या वादकांबरोबर भटकंती. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी डोक्यात रचायची आणि तिथेच ठेवायची. साथीला 'गस्बा' ही बोरूची बासरी आणि 'गल्लाल' हा लांबोडका ढोल, बाकी काही नाही. 1954 च्या तिच्या गाण्याने कौमार्याच्या बडेजावाचीच चिरफाड केली. 1962 ला देश स्वतंत्र झाला तरी सरकारी रेडिओला ती नकोच होती. राईला राजमान्यता मिळाली ती थेट 1985 च्या सुमारास, ओरानच्या महोत्सवाने. आणि 2022 मध्ये युनेस्कोने राईला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, म्हणजे आता निबंध लिहायला हरकत नाही.

'दीदी' ऐकलेल्या कानांना रिमित्ती पहिल्या झटक्यात झेपत नाही. बासरीत नुसती हवा फुटल्यासारखी वाटते, आवाज जवळपास पुरुषी, आणि चाल एकाच जागी गोल गोल फिरते. निम्मं गाणं होईपर्यंत हात रिमोटकडे जातो. तरी ठेवावं चालू. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तो गोल ठेका अंगात शिरतो आणि कळतं की खालेदच्या घोगरेपणाची, त्या न ओशाळण्याची मूळ मालकीण ही आहे. मे 2006 मध्ये, 83 व्या वर्षी, मेंदीने रंगलेले हात घेऊन ती पॅरिसच्या झेनिथ सभागृहात हजारो लोकांसमोर गायली आणि दोन दिवसांनी गेली. तिची सवय झाली की बाकीची सगळी पोरं-टोरं जरा जास्तच सभ्य वाटायला लागतात.