तळपायाला टिचकी

लेक एकतिसाव्या आठवड्यातच आली. बायकोचं बीपी चढलं आणि रात्रीतच सिझर करावं लागलं. वजन १२८० ग्रॅम. बायको वरच्या मजल्यावर, लेक खाली एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काचेच्या पेटीत आणि मधल्या जिन्यावर मी. हातात बिनसुईची सिरिंज, तिच्यात दीड मिली चीक. तेवढ्यासाठी बायको अर्धा तास हाताने पिळत बसली होती. लग्नातला कलशही मी इतका जपून धरला नसेल.

आत जायचं तर अंगठी-घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. सिस्टर तोंडातल्या नळीला सिरिंज जोडायच्या, दट्ट्या काढून ती उंच धरायच्या. दूध आपसूक उतरायचं. ओढणं, गिळणं, श्वास घेणं याचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसत नाही, म्हणून ही नळी.

चौथ्या दिवशी वजन ११६० भरलं. "सुरुवातीला उतरतंच, दादा," सिस्टर म्हणाल्या. त्याच दुपारी मॉनिटर ओरडायला लागला. लेक निळसर पडलेली. माझे पाय लटपटले. सिस्टरांनी पेटीत हात घालून आधी मान सरळ केली, मग तळपायाला बोटाने टिचकी मारली. लेकीने अंग आखडलं आणि श्वास घेतला.

"विसरतात हो ही बाळं श्वास घ्यायला. मेंदू कच्चा असतो अजून."

यावर औषध काय, तर कॅफिन! आईने मला दहावीपर्यंत कॉफीला हात लावू दिला नव्हता.

दहाव्या दिवसापासून कांगारू, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची. बायकोला टाक्यांमुळे फार वेळ बसवत नसे, मग मी. बटणं काढलेला शर्ट, छातीवर उभी लेक, बेडकासारखे दुमडलेले पाय, वरून गुंडाळलेलं कापड. "पावडर, सेंट काही लावून यायचं नाही," एवढीच अट. हे १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालं, तिथे पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आईला हे सांगितलं, तरी तिला बापाचं हे काम पटलं नाहीच.

शेवटचा आठवडाभर श्वास एकदाही अडला नाही. डोळे तपासून झाले होते. अडतिसाव्या दिवशी १८२० ग्रॅमवर घरी सोडलं.

पहिल्या रात्री घरात मॉनिटरचं टुकटुक नाही. तीन वाजता पाहिलं तर छाती हलताना दिसेना. मी दिवाही न लावता तळपायाला टिचकी मारली.

तिने असं भोकाड पसरलं की आईसुद्धा उठून आली. बायको म्हणाली, "उद्यापासून तू हॉलमध्ये झोप."