कॅम्परचा डायनामो ७० वरून ९० अँपिअर: आयडल, व्हॅक्यूम पंप आणि केबल

माझ्या कॅम्पर पिकअपच्या चार्जिंगचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय म्हणून लिहून टाकतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जुन्या डिझेल पिकअपला फ्रिज, जादाचे लाइट, इन्व्हर्टर असं काय काय जोडलंय आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, मोठा डायनामो टाकू काय? (अल्टरनेटर म्हणायला पाहिजे, पण बेळगावात गॅरेजला जाऊन डायनामोच मागायचा.) माझं म्हणणं, अँपिअरचा आकडा राहू दे बाजूला, आधी गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, किती देते ते मोजा.

कारण आपल्याकडचा पाऊस. जांबोटीच्या पुढं कणकुंबी-चोर्लाकडं निघालात की दिवसाढवळ्या धुकं, हेडलाइट चालू, वायपर फुल्ल, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर आणि एसी, आणि पुढं एखादा लोडचा ट्रक अडकला की आपण मागं आयडलवर थांबून. म्हणजे लोड सगळ्यात जास्त आणि इंजिनचे आरपीएम सगळ्यात कमी, हे दोन्ही एकाच वेळी.

आता हिशोब बघा. हेडलाइट-टेललाइट मिळून ११ अँपिअर, वायपर ५, ब्लोअर आणि एसीचा क्लच १८, पुढचे दोन एलईडी ६, फ्रिज ५, इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावला की ९. झाले ५४. जुन्या डायनामोच्या प्लेटवर ७० लिहिलंय, म्हणजे कागदावर भरपूर, पण तो आकडा डायनामो स्वतः ६००० आरपीएमच्या आसपास फिरत असतानाचा असतो. इंजिन आयडलला ८००, पुलीचा रेशो साधारण सव्वादोन, म्हणजे डायनामो फिरतोय जेमतेम १८००. तिथं गरम झाल्यावर निम्मं सुद्धा मिळत नव्हतं, बाकीचं बॅटरीतनं जात होतं. सगळं चालू करून आयडलला बॅटरीवर १२.३ व्होल्ट. करंट मोजायला डीसी चालणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवायचा) लागतो, स्वस्तातले बरेच क्लॅम्प नुसता एसी करंट दाखवतात, घेताना बघून घ्या.

त्याच फॅमिलीतल्या गाडीचा ९० चा डायनामो बसवलाय. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आपल्या या डिझेल गाड्यांच्या डायनामोच्या मागं व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा) त्याच्यावर चालतो. पेट्रोल गाडीचा १२० अँपिअरचा स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणला तर चार्जिंग होईल झकास, पण बूस्टरला व्हॅक्यूमच नाही, पेडल दगडासारखं होतं, आणि चोर्लाच्या उताराला ते कुणालाच परवडायचं नाही. म्हणून पंपासकट तोच बघा. पंपाला इंजिन ऑइलची बारीक पाइप येते, ती जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घाला, जुने परत वापरले की गळतं, आणि स्टार्ट करायच्या आधी पंपाच्या भोकात थोडं ऑइल सोडा म्हणजे आतल्या पात्या कोरड्या घासत नाहीत. चेक करायची रीत सोपी, इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा मारून कडक करायचं, पाय दाबून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. पंप बरोबर असेल तर इंजिन लागल्यावर पेडल पायाखाली जरासं खाली बसतं.

पुली अडीच-तीन मिलीमीटर बाहेर येत होती. उद्यमबागेत लेथवर स्पेसर करून घेतला, आपल्या गावाची ही एक मोठी सोय आहे, असलं काम हातोहात होतं. वाकडा बेल्ट तसाच ठेवू नका, कडा खातो आणि लोड आला की किंचाळतो.

पण खरा फरक पडला तो केबलनं, आणि तिकडं कुणी बघतच नाही. जुन्या वायरिंगवर ५५ अँपिअर चालू असताना, इंजिन २००० वर, डायनामोच्या बी प्लसवर (चार्जिंगची जाड वायर निघते तो बोल्ट) १४.३ आणि बॅटरीवर १३.५५. पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. मीटरचं एक टोक बी प्लसच्या नटावर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर, ०.४५. मग डायनामोची बॉडी ते बॅटरीचं मायनस, ०.३०. म्हणजे अर्थिंग पण बऱ्यापैकी दोषी. दोन्हीकडं २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली, टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून वर हिट श्रिंक, आणि अर्थ थेट डायनामोच्या ब्रॅकेटपासून बॅटरीपर्यंत. आता ०.०९ आणि ०.०५. चार्जिंगच्या केबलला १२५ चा मेगा फ्यूज बॅटरीच्या बाजूला बसवलाय. बॅटरीच्याच बाजूला का, तर वायर कुठं घासून बॉडीला लागली तर शेकडो अँपिअर बॅटरीच सोडणार.

सगळं चालू ठेवून आता आयडलला १२.९ मिळतंय आणि ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवून हजारावर आणलं की १३.६. म्हणजे ८०० वर अजून थोडं कमी पडतंय, पण फ्रिज किंवा इन्व्हर्टर तेवढ्या वेळापुरता बंद केला की भागतं.

आणि एक कळकळीची विनंती. डायनामो चालतोय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची पद्धत अजून आपल्या भागात सर्रास आहे, मेस्त्री कितीही जुना असू दे, तुमच्या गाडीवर ते करू देऊ नका. बॅटरी सुटली की त्या क्षणाला व्होल्टेज उसळतं, डायोड आणि रेग्युलेटर जायला तेवढं पुरतं, वर इन्व्हर्टर-फ्रिजचा बोर्ड पण जाऊ शकतो. मल्टिमीटर लावला की तेच कळतं.

पुढचं काम दुसऱ्या बॅटरीचं. मधी व्होल्टेज सेन्सिंग रिले टाकणार, व्होल्टेज १३.३ ला गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आणि १२.८ ला उतरलं की सोडणारा, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी सेल्फला पहिली बॅटरी शाबूत. बॅटरी मागं सीटखाली ठेवायची तर साधी ॲसिडची चालायची नाही, गॅस केबिनमध्ये येतो, सीलबंद एजीएम घ्यावी लागणार. नाहीतर हौद्यात पेटी करून साधीच ठेवायची. कॅम्परला कुणी हौद्यात पेटी केली असेल तर चिखल-पाणी कसं अडवलंय त्याचे फोटो टाका, पेटी वेल्डिंगला द्यायच्या आधी मला ते बघायचंय.